गाठी संपादनास हरकत

वाशी, इस्पितळ, खाट नंबर ९
३ नोव्हेंबर १९८६

सगुणे,

आशीर्वाद घे. पुढे 'मी खुशाल आहे' असं लिहायची रीत आहे, पण मी खुशाल नाही, म्हणून ते लिहीत नाही. तू पाय मोडून प्लास्टरात पडली आहेस, तुला काही कळवू नका, असं यशोदा म्हणत होती. पण आईबापांच्या मागे माझं ऐकून घेणारं तुझ्याशिवाय कोण आहे? यशोदा आहे, पण ती बायको आहे. पस्तीस वर्षं ऐकून तिचे कान भरून गेले आहेत.

श्रावणापासून मला भाकरीचा घास छातीत अडायला लागला. दोन महिने मी यशोदेच्या भाकरीला नावं ठेवली. पीठ जाड दळून आणतेस, म्हणालो. बिचारीने चक्की बदलली. मग भात अडायला लागला. भाताला चक्की लागत नाही, तेव्हा मी गप्प झालो. शेवटी पोराने, किसनने, मला जासईहून इथे आणलं. आधी कालवलेल्या चुन्यासारखं काहीतरी पाजून फोटो काढले, मग दिवा लावलेली नळी घशात घातली. माझ्या आत दिवा लावून बघण्यासारखं काय आहे, असं मी विचारणार होतो, पण तोंडात नळी होती.

दोन दिवसांनी डॉक्टर स्मिताबाई आल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या. डॉक्टर उभ्याने बोलला तर साधं दुखणं, बसला तर मोठं, हे मी इथे चार दिवसांत शिकलो. अन्ननळीच्या खालच्या टोकाला कॅन्सर आहे. ती नळी कापून काढायची आणि पोटाची पिशवी वर ओढून छातीत जोडायची. मी विचारलं, "मग भूक लागेल ती कुठे लागेल?" त्या म्हणाल्या, "लागू तर दे, आजोबा."

इथपर्यंत मी कबूल होतो. नळी खराब, काढा नळी. पण पुढे त्या म्हणाल्या की नळीच्या कडेने आणि पोटाजवळ बारीक बारीक गाठी असतात. रोगाच्या नव्हे, देवाने दिलेल्या, प्रत्येक माणसाला असतात. त्याही काढायच्या. मी विचारलं, "त्यांत रोग आहे का?" तर म्हणाल्या, "काहींत असेल, काहींत नसेल. आधी सांगता येत नाही. म्हणून त्या भागातल्या सगळ्याच काढतात."

सगळ्याच! सगुणे, हे आपण आधी कुठे ऐकलं आहे? नवं शहर यायचं झालं तेव्हा म्हणाले, रस्त्यापुरती जागा. मग रस्त्याच्या आजूबाजूची. आजूबाजू करत करत आपल्या उंबऱ्यापर्यंत आले. मी घरातला थोरला, सही माझी होती, आणि ती मी न वाचता केली होती. इथल्या कागदावर काय लिहिलं आहे ते मी बोट ठेवून वाचलं. 'रोगग्रस्त भाग व जरूर वाटल्यास आजूबाजूचा भाग.' तोच शब्द! मी पेन खाली ठेवलं.

मोठे सर्जन करंदीकर मुंबईहून येतात, बुधवारी तपासायला आणि गुरुवारी कापायला. माझा गुरुवार वीस तारखेचा धरला आहे. मी सही केलेली नाही. तुला काय वाटतं ते लगेच कळव.

तुझा
देवजीदादा

*

उरण
८ नोव्हेंबर १९८६

मामांना भाचेसून नंदिनीचा नमस्कार. आई सांगतात आणि मी लिहिते. शुद्ध करून लिहिते, पण जिथे शुद्ध केल्यावर त्यांचा राग उतरतो, तिथे त्यांचे शब्द तसेच ठेवले आहेत.

दादा,

पत्र ऐकलं आणि पाय दुखायचा थांबला, इतकी घाबरले. यशोदावहिनीला सांग, माझ्यापासून लपवायला मी अजून मेले नाही.

तुझं बरोबर आहे. एक गाठ देऊ नकोस. मला आठवतं, मी दहा वर्षांची असताना चिखलात शिंगाळा माशाचा काटा पायात मोडला होता. पाय सुजला पायाच्या जागी, आणि गाठ आली जांघेत. आई म्हणाली होती, ती गाठ राखणदार आहे, विष वर चढू देत नाही. काटा निघाला, गाठ बसली. मग राखणदाराला कोणी घराबाहेर काढतं का? त्या डॉक्टरांना विचार, "तुमच्या आयशीने तुमाला ह्या शिकवला नाय का?"

चुना आणि हळद गरम करून छातीला लाव. बिडी ओढत असशील तर ती मोडून फेक. नाही ओढत असं लिहू नकोस, मला ठाऊक हाय.

तुझी
सगुणा

(मामा, वरचं सगळं आईंनी सांगितलं ते लिहिलं. हे माझं आहे आणि त्यांना वाचून दाखवलेलं नाही. सही करा. 'वेडेपणा करू नका' असं मोठ्या माणसांना लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. — नंदिनी)

*

वाशी, खाट नंबर ९
१४ नोव्हेंबर १९८६

सगुणे,

तुझ्या पत्राने मला दहा हत्तींचं बळ आलं. मी बारा तारखेला रीतसर अर्ज दिला. विषय: गाठी संपादनास हरकत. सुरुवात अशी केली, 'मी खाली सही करणार, पण तुमच्या कागदावर सही न करणार, देवजी हिरा घरत, राहणार जासई, हल्ली मुक्काम खाट नंबर नऊ.' मागण्या रास्तच होत्या. गाठी घेण्याआधी नोटीस द्यावी. अर्जदारासमोर संयुक्त मोजणी व्हावी. निर्दोष ठरतील त्या गाठी मूळ जागी परत द्याव्यात. आणि बाधित कुटुंबातल्या एकाला इस्पितळात कायम नोकरी द्यावी, किसन मोकळाच आहे. एक प्रत सर्जनांना, एक सिस्टरना, एक माझ्याजवळ. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, ह्यावर शिक्का कुठला मारू?" मी म्हटलं, "आहे तो मारा." त्यांनी 'सकाळचे दूध दिले' असा शिक्का मारला.

शेजारच्या खाटेवर मारोती आहे, साताऱ्याकडचा, इथल्या घाऊक बाजारात कांद्याच्या गोणी उचलतो. त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं आहे. अर्ज वाचून तो इतका हसला की टाके धरून बसला आणि म्हणाला, "आज्या, मला मारून जाशील."

पण करंदीकर हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहितो. अर्ज पूर्ण वाचला आणि खाली लिहिलं, 'हरकत नोंदवली. सुनावणी उद्या, जागेवर.' आणि काल, गुरुवारी, ऑपरेशनला जाण्याआधी खरोखर आले. खुर्ची ओढून बसले.

म्हणाले, "घरत, तुमची एक मागणी मान्य. मोजणी होईल. काढलेली प्रत्येक गाठ तपासली जाईल आणि आकडा तुम्हाला लेखी मिळेल."

"आणि चांगल्या निघाल्या त्या?"

"त्या परत बसवता येत नाहीत."

"म्हणजे तेच झालं."

"तेच कसं? शहराला तुमची जमीन हवी होती. मला तुमच्या गाठी नको आहेत. मी त्यांच्यावर इमारत बांधणार नाही."

वॉर्डातले सगळे हसले. माणूस माझ्या बाजूचा की त्यांच्या, काही कळेना. मी विचारलं, "नोकरीचं काय?" ते म्हणाले, "ते माझ्या अखत्यारीत येत नाही." तेव्हा मला पटलं की हा माणूस सरकारी कामातला जाणकार आहे.

मग मी तुझा राखणदाराचा मुद्दा काढला. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले की रोग नळीत दिसतो, पण तो तिथेच थांबलेला असतो असं नाही. गाठींतून पुढे सरकतो. राखणदार आहेत हे खरं, पण चोराशी पहिली गाठ राखणदाराचीच पडते, आणि कोणता राखणदार चोराला मिळाला हे डोळ्यांना दिसत नाही. एक मागे राहिली तरी तिथून पुन्हा सुरू. "अर्धवट काम करायचं असेल तर मी हात लावणार नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत सही हवी. नाहीतर गुरुवार दुसऱ्याला जाईल. आणि तुमचा रोग पुढच्या महिन्यात आजच्याइतकाच असेल, असं मी लेखी देणार नाही."

सगुणे, आता जे लिहितो ते अर्जात लिहिलं नव्हतं. हे शास्त्र मला नवं नाही. सत्तर साली आपल्या मिठागराचा बांध खेकड्यांनी पोखरला होता, आठवतं ना? तेव्हा मीही असाच म्हणालो होतो, दिसतं तेवढंच भोक नसतं. आणि तुझ्या नवऱ्याचा शेजारचा धडधाकट बांध वीस हात खणून काढला. कान्हाने हरकत घेतली, मी ऐकली नाही. काय निघालं? काही नाही. कान्हाने साऱ्या गावाला सांगितलं की देवजीने माझा चांगला बांध उगाच मारला. सोळा वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही. तुझ्या दारात आलो तर मागच्या दाराने निघून जातो. चांगलं ते संशयावरून खणायचं पाप मी एकदा केलं आहे. आता ते माझ्या अंगावर उलटतं आहे, असं वाटतं.

यशोदा दोन दिवस बोलत नाही. काल फक्त म्हणाली, "चक्की बदलली तेवा मी काय अर्ज केला नवता."

घास आता पाण्याबरोबरही उतरत नाही. पेज उतरते, तीही सावकाश.

तुझा
देवजीदादा

*

उरण
१७ नोव्हेंबर १९८६

दादा,

हे पत्र पोस्टाने वेळेवर पोचणार नाही, म्हणून घेऊन येणारा माणूस पाठवते. त्याच्याकडे बघून खाटेवरून उडी मारू नकोस.

तुझं पत्र नंदिनी मोठ्याने वाचत होती. हे पडवीत जाळं विणत बसले होते. बांधाचा मजकूर आला तशी ह्यांची सुई थांबली. मी म्हटलं, ऐका, तुमच्या नावाने अजून रडतोय माझा भाऊस. ह्यांनी जाळं गुंडाळून ठेवलं. जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्या प्लास्टरच्या पायाशी येऊन बसले आणि म्हणाले, "सगुने, खेकडा निंगाला होता."

मी म्हटलं, कुठला खेकडा?

"माज्या बांधान. सतराव्या हाताला. बिल पार आरपार गेलेला. देवजी पानी प्यायला गेला होता तवा. मी खेकडा पिशवीन टाकला नि बिल चिखलान बुजवला."

दादा, माझ्या हातात काठी होती, ती मी मारली नाही एवढंच. सोळा वर्षं! सोळा दिवाळ्या मी ओवाळणीचं ताट घेऊन तुझ्या दारात एकटी आले, आणि कारण काय, तर ह्यांच्या बांधात खेकडा निघाला हे तुझ्यासमोर कबूल करायचं नव्हतं. मी विचारलं, त्या खेकड्याचं केलंत काय? तर म्हणाले, "तूच रस्सा केलास. बरा झाला होता."

आता मी आधीच्या पत्रात लिहिलं ते मागे घेते. तू खणलंस ते बरोबर खणलंस. बांध बाहेरून कसा दिसत होता ते मला आठवतं, आरशासारखा लिंपलेला होता, आणि आत तो बसला होता. त्या वर्षी तुझ्यामुळे आमचंही मीठ वाचलं आणि आम्हाला ठाऊकच नाही. मग आता तो डॉक्टर तुझंच काम करतोय, तर तू कान्हा का होतोस? एका घराला एक कान्हा पुरे हाय.

सही कर. केली नाहीस तर मी प्लास्टरासकट टेम्पोत घालून घेईन आणि तुझ्या वॉर्डात बसून लग्नातली गाणी म्हणीन. माझा आवाज तुला ठाऊक आहे.

सगुणा

(मामा, ह्या वेळी मला खाली काही लिहायचं नाही. — नंदिनी)

*

वाशी
१९ नोव्हेंबर १९८६, बुधवार

सगुणे,

कान्हा आला. पत्र माझ्या हातात दिलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी वाचलं. परत वाचलं. मग विचारलं, "केवढा होता?"

त्याने मागे न बघता दोन्ही हात पसरून दाखवला.

"एवढा नसेल."

"होता."

"नर का मादी?"

"मादी. लाखेन भरलेली, नुसती अंडी."

"आणि एकटाच खाल्लास?"

"सगुनाला दिला ना."

मारोतीने चादर तोंडात कोंबली होती. मी म्हटलं, "कान्हा, सोळा वर्षं मला रात्री तुझा बांध दिसायचा रे." तेव्हा तो वळला. म्हणाला, "मना खेकडा दिसायचा." आणि माझ्या खाटेवर बसला. तो डॉक्टर नाही, तरी बसला म्हणून मी घाबरलो नाही.

सिस्टरना हाक मारून कागद मागवला. त्या म्हणाल्या, "अर्जाचं काय करायचं?" मी म्हटलं, "अर्ज मागे घेत नाही, निकाली काढा." साक्षीदार म्हणून कान्हाने अंगठा दिला. शाई जास्त लावली, बोट माझ्या चादरीला पुसलं.

आता खरं सांगतो, कारण हे पत्र कान्हाच्याच हाती देतोय आणि तो वाचू शकत नाही. मला भीती वाटते. गाठींची नव्हे. डोळे मिटल्यावर ते उघडायचे की नाही, ह्याची सही कुठे करायची असते?

यशोदेने मला आज न्हाऊ घातलं. डोकं पुसताना म्हणाली, "बारीक झाल्यासा." इतकंच.

देवजी

*

उरण
१ डिसेंबर १९८६

दादा,

बारा दिवस झाले, तुझं अक्षर नाही. किसन जासईच्या फाट्यावर ह्यांना भेटला, म्हणाला, ठीक आहे. 'ठीक' म्हणजे काय? माणसं चांगलं असलं तरी ठीक म्हणतात आणि वाईट असलं तरी ठीक म्हणतात. हे रोज सकाळी फाट्यावर जाऊन उभे राहतात, कामाचं नाव सांगत नाहीत.

मंगळवारी बाजारात भरलेले खेकडे आले होते. मी आणवले. ह्यांनी ताट सरकवलं.

एक ओळ लिही. लिहिता येत नसेल तर यशोदावहिनीकडून कागदावर अंगठा उठवून पाठव. मी समजेन.

सगुणा

(मामा, मीही फाट्यावर जाऊन आले. — नंदिनी)

*

वाशी, खाट नंबर ४
११ डिसेंबर १९८६

सगुणे,

हे माझंच अक्षर आहे. वाकडं आहे, कारण उजव्या बरगडीखाली इतके टाके आहेत की हात उचलला की सदरा उसवल्यासारखं वाटतं. सहा तास उघडा ठेवला होता मला. पहिले चार दिवस काय झालं ते मला ठाऊक नाही आणि यशोदा सांगत नाही. नाकात नळी, छातीत नळी, पोटाला बाहेरून एक नळी आणि तिच्यातून पातळ पेज. पेज कधी आली कधी गेली, जिभेला पत्ता नाही. जेवण माझं, आणि मी सोडून सगळ्यांना ते दिसत होतं.

आता पोट छातीत आहे. झोपलो की आत मांजर गुरगुरल्यासारखं होतं. मारोतीला घरी सोडलं, जाताना माझ्या अर्जाची प्रत मागून घेऊन गेला. बाजारातल्या लोकांना वाचून दाखवणार आहे म्हणे.

काल करंदीकर आले. उभेच राहिले, तेव्हा मी सुटकेचा श्वास घेतला. मग माझ्या हातात कागद दिला. "तुमची मोजणी." एकूण गाठी बावीस. त्यांपैकी रोग दोनमध्ये. मी म्हटलं, "त्या दोन नळीला चिकटलेल्या असतील." ते म्हणाले, "नाही. लांब होत्या, पोटाच्या बाजूला. हाताला बाकीच्यांसारख्याच लागत होत्या. मी स्वतः चाचपून सांगितलं असतं की चांगल्या आहेत."

सगुणे, मी तो कागद बोट ठेवून परत वाचला. अर्ज मान्य झाला असता तर त्या दोघी आत राहिल्या असत्या, माझ्या सहीने. वीस गाठी निर्दोष गेल्या, त्यांचं मला वाईट वाटतंच. ते मी करंदीकरांना सांगितलं. ते म्हणाले, "मलाही वाटतं." खोटं बोलत नव्हते. आता विजेचा शेक द्यायचा आणि दर तीन महिन्यांनी तपासायचं. बरा झालास, असं त्यांनी म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. जे मोजता येतं तेवढं मोजलं आहे.

कान्हाला सांग, फाट्यावर उभा राहू नकोस, सरळ इथे ये.

आता आजची गोष्ट. काल शेजारच्या खाटेवर बेलापूरचा एक कोळी आला, हाशा नावाचा, माझ्याच वयाचा. दुखणंही माझंच. सकाळी त्याच्यासमोर कागद ठेवला. त्याने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. सिस्टरना म्हणाला, "आजूबाजूचा म्हंजे किती? त्या आदी सांगा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हाशा, सही कर. आधी सही, मग भांडण. भांडायला माणूस उरला पाहिजे."

त्याने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "तू डॉक्टरांचा दलाल हाय काय रं?"

मला! साऱ्या जासईत ज्याने सगळ्यांत जास्त अर्ज केले, त्याला! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. उत्तर देणार होतो, पण तेवढ्यात यशोदा भात घेऊन आली. मऊ भात आणि वरण, मला कालपासून तोंडाने द्यायला लागले आहेत, एका वेळी सहा-सात घास, चमच्याएवढे. हाशा भाताकडे बघत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, दोन महिने भात घशाखाली गेला नाय.

मी त्याच्याकडे तोंड करून बसलो. सदऱ्याची बटणं काढली, टाके दिसू दिले. एक घास घेतला, चावला, आणि गिळला.

तो माझ्या गळ्याकडे बघत राहिला, मग छातीकडे, घास जसजसा खाली गेला तसतसा. यशोदासुद्धा चमचा धरून थांबली होती.

मग हाशा पेन उचलून म्हणाला, "आनखी एक खा."

देवजी